चोवीसने भागलेली मोटार

१९६६ सालची फोक्सवॅगन बीटल ४.०७ मीटर लांब होती. तिला चोवीसने भागलं की जेमतेम १७ सेंटिमीटर उरतात. रुंदी साडेसहा सेंटिमीटरच्या आत येते. इथपर्यंतचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. अडचण पुढे सुरू होते. मोटारीच्या दाराचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याला चोवीसने भागलं तर सुमारे ०.०४ मिलिमीटर येतात, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. इतक्या पातळ प्लॅस्टिकची मोटार साच्यातून निघत नाही आणि निघालीच तरी हाताळणीत टिकणार नाही. म्हणून मॉडेलच्या किटमधली बॉडी मिलिमीटरभर किंवा त्याहून थोडी जाड ठेवतात. आता उलटा गुणाकार करा: त्या इवल्या बीटलचा पत्रा २४ मिलिमीटर जाड ठरतो.

इतर मापांचीही तीच गत. लांबी चोवीस पटीने कमी झाली की पृष्ठभाग ५७६ पटीने कमी होतो आणि घनफळ १३,८२४ पटीने. आठशे किलोच्या गाडीचं वजन या न्यायाने ५८ ग्रॅम भरलं पाहिजे. खऱ्या गाडीवर तळच्या प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंतचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर होतात. मॉडेलवरही थर जवळजवळ तेवढाच बसतो, कारण रंगाचे कण आणि रंगवणाऱ्याचा हात काही चोवीसने भागले जात नाहीत. त्या मापात तो थर अडीच मिलिमीटरचा झाला. मेटॅलिक रंगातली चमकदार कणी खऱ्या बॉनेटवर नुसती झळाळते, तीच कणी मॉडेलवर सुटी सुटी दिसू लागते आणि गाडीला चमकी लावल्यासारखं वाटतं.

म्हणून स्केल मॉडेल म्हणजे मोठी वस्तू अचूक लहान केलेली, ही समजूत अर्धीच खरी आहे. नुसता भागाकार करून केलेलं मॉडेल डोळ्याला खोटं वाटतं. चांगल्या मॉडेलमध्ये कुठे हिशेबाचं ऐकायचं आणि कुठे डोळ्याचं, याचा निर्णय पावलोपावली घ्यावा लागतो. साचा घडवणारा आपल्या कारखान्यात तो घेतो, किट जोडणारा आपल्या टेबलावर. माझ्या मते या छंदाची सगळी गोडी या निर्णयांत आहे.

ज्यांनी असं किट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खोक्यात तयार मोटार नसते. प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शंभर-दीडशे सुटे भाग असतात. या चौकटींना रनर म्हणतात. काच म्हणून पारदर्शक भाग, रबरासारखे मऊ टायर, नंबरप्लेट आणि चिन्हांसाठी पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं, म्हणजे डिकॅल, आणि क्रमवार आकृत्यांची पुस्तिका एवढा ऐवज असतो. कटर, कानस, वॉटर पेपर, गोंद आणि रंग आपले आपण आणायचे. बाजारात मिळणाऱ्या धातूच्या तयार छोट्या गाड्या जमवणं हा निराळा छंद आहे. तिथे गाडी हातात येते तेव्हा काम संपलेलं असतं, इथे ते सुरू होतं.

हा छंद मोटारींच्या शोरूममधून आला आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत मोटारींना प्रचंड मागणी होती आणि डेट्रॉइटच्या कंपन्या दर शरद ऋतूत पुढच्या वर्षाची गाडी बाजारात आणत. विक्रेत्याला गिऱ्हाइकासमोर ठेवायला, कंपनीच्या रंगांचे नमुने दाखवायला आणि गाडी बघायला आलेल्या कुटुंबातल्या मुलाच्या हातात द्यायला नव्या गाडीची हुबेहूब लहान प्रतिकृती हवी असे. हिला 'प्रोमो' म्हणत. एएमटी ही कंपनी १९४८ साली या धंद्यात उतरली. मिशिगन राज्यातलं ट्रॉय हे पुढे तिचं गाव झालं. तिच्या नावातला 'ए' हा अ‍ॅल्युमिनियमचा, कारण तिची पहिली फोर्ड अ‍ॅल्युमिनियमची होती. लवकरच कंपनी प्लॅस्टिककडे वळली. जो-हॅन ही दुसरी कंपनी तर खुद्द डेट्रॉइटचीच.

प्रोमो बनवणाऱ्यांना एक गोष्ट मिळे जी खेळणी बनवणाऱ्यांना कधीच मिळत नसे: मोटार कंपनीची मूळ आरेखनं, तीही गाडी बाजारात येण्याच्या आधी. नवी गाडी ज्या दिवशी शोरूममध्ये लागे त्याच दिवशी तिची प्रतिकृती काउंटरवर हजर पाहिजे, म्हणून साचा आधीच कोरावा लागे आणि तोंड बंद ठेवावं लागे. त्यामुळे या वस्तूंच्या आकारात जी अचूकता आली तिच्यावर पुढचा सगळा छंद उभा राहिला. सुरुवातीच्या प्रोमो सेल्युलोज अ‍ॅसिटेटच्या होत्या. हे प्लॅस्टिक वर्षं सरतात तसं आक्रसतं आणि वाकतं. आज संग्राहकांकडे १९५०च्या दशकातल्या ज्या गाड्या आहेत त्यांतल्या कित्येकांची टपं खचलेली आणि बंपर वर उचललेले दिसतात. १९६०च्या सुमारास पॉलिस्टायरीन वापरात आलं आणि हा रोग थांबला.

मग १९५८ साली एएमटीने तोच साचा वापरून गाडी न जोडता, सुट्या भागांत खोक्यात भरली आणि सोबत जास्तीचे भाग दिले. खोक्यावर लिहिलं 'एकात तीन'. शोरूममधल्यासारखी गाडी करा, आपल्या मनाप्रमाणे सजवलेली करा किंवा शर्यतीची करा. मोटार हीच ज्या समाजात तरुणाईची मुख्य हौस होती, तिथे गाडी चालवायचा परवाना मिळायला अजून चार वर्षं असलेल्या मुलाला ही केवढी पर्वणी असेल! दुसऱ्या पर्यायात बंपर काढणं, गाडी जमिनीलगत खाली आणणं, दिवे बदलणं असे प्रकार होते आणि ते कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांमध्ये खरोखर चालत होते. अशा गाड्या घडवण्यात नावाजलेले जॉर्ज बॅरिस एएमटीचे सल्लागार होते. टीव्हीवरच्या बॅटमॅनची मोटार घडवणारे ते हेच. त्या मुलांच्या हातून पुढे किती गाड्या सजल्या ते सांगता येणार नाही, पण गाडीचा प्रत्येक भाग वेगळा असतो, तो कशाला तरी जोडलेला असतो आणि तो बदलता येतो, ही जाण जेवणाच्या टेबलावर आली हे नक्की.

या काळातली एक गोष्ट मला चटका लावते. डेट्रॉइट दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं, त्यामुळे किटही दरवर्षी बदलावं लागायचं. पोलादाचा नवा साचा अतिशय महाग पडतो. म्हणून कंपन्या गेल्या वर्षीचाच साचा घेत आणि त्याची जाळी, दिवे, मागचे पंख नव्याने कोरत. नवं किट तयार व्हायचं, पण जुनं त्याच क्षणी कायमचं संपायचं. कित्येक गाड्यांची किट म्हणूनच पुन्हा कधी काढता आली नाहीत. खोकं न उघडलेल्या जुन्या किटला आज जी किंमत येते तिचं कारण नुसतं जुनेपण नाही. ज्या साच्यातून ते निघालं तो साचाच आता त्या आकाराचा उरलेला नाही.

याच्याही आधी, १९३० सालापासून, जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी एक स्पर्धा चालवली होती. सुरुवातीला स्पर्धकाला नेपोलियनच्या काळातल्या शाही बग्गीची लहान प्रतिकृती करावी लागे. तीत लाकूडकाम, धातूकाम, शिवणकाम, रंगकाम सगळं आलं. पुढे आपल्या कल्पनेतली मोटार बाराव्या हिश्शात घडवायची, असा दुसरा विभाग निघाला. किट नाही, तयार भाग नाहीत. लाकडाचा ठोकळा घ्यायचा आणि तासायचा. बक्षीस म्हणून महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळे. १९४७ साली जिंकलेले चक जॉर्डन पुढे जनरल मोटर्समध्ये गेले आणि १९८६ मध्ये तिथल्या संपूर्ण डिझाइन विभागाचे प्रमुख झाले. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली आणि तिच्यातून आलेली कितीतरी मुलं मोटारींचे आकार ठरवणाऱ्या खुर्च्यांवर बसली. लहान मोटार हातांनी घडवणं हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मुलांची यादी जरूर बघावी.

प्रमाण कसं ठरलं, हीही एक गंमत आहे. चोविसावा हिस्सा हा फूट-इंचांच्या हिशेबातून आला, एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकी प्रोमो मात्र पंचविसाव्या हिश्शात होत्या आणि म्हणून त्यांच्यापासून निघालेली किटही. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर फरक लांबीत सातेक मिलिमीटरचा, पण सवयीच्या डोळ्याला तो लगेच कळतो. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये जगभर रूढ झालेलं पस्तिसावं प्रमाण तर जपानच्या तामिया कंपनीत एका पँथर रणगाड्यामुळे ठरलं. त्यात बॅटरी आणि मोटर मावायला हवी होती. ती मावेल एवढा रणगाडा केला आणि मग मोजलं तर तो पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला.

तामियाचं नाव आलं म्हणजे शिझुओकाबद्दल बोलायलाच हवं. टोकियो आणि नागोया यांच्या मधलं हे शहर लाकूडकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या जपानच्या मोठ्या मॉडेल कंपन्या याच परिसरातल्या. तामियाची सुरुवात १९४६ साली योशिओ तामिया यांच्या लाकडाच्या वखारीपासून झाली. लाकडी मॉडेल हा तिचा जोडधंदा. १९५१ मध्ये आगीत वखार गेली आणि मॉडेल हाच मुख्य व्यवसाय झाला. परदेशी प्लॅस्टिक किट जपानात येऊ लागल्यावर लाकडाचे दिवस भरत आले आणि १९६० मध्ये कंपनीने 'यामातो' युद्धनौकेचं पहिलं प्लॅस्टिक किट काढलं. योशिओंचे पुत्र शुनसाकू तामिया यांनी त्यानंतर ही कंपनी जगातली अग्रगण्य केली. लाल आणि निळ्या चौकोनांवरचे दोन पांढरे तारे हे तिचं चिन्ह. मॉडेल करणाऱ्याला कुठल्याही देशात ते लांबून ओळखू येतं.

मोटारींच्या बाबतीत तामियाची पहिली मोठी झेप म्हणजे १९६७ मधली होंडाची फॉर्म्युला वन गाडी, बाराव्या हिश्शात. पण मला सांगायची आहे ती पोर्शेची हकिगत. १९७०च्या दशकाच्या मध्यावर बाराव्या हिश्शातली पोर्शे ९३४ करायचं ठरलं. शुनसाकू फोटो काढायला, मापं घ्यायला जर्मनीत गेले. परत आल्यावर कळायचं की अमुक कोपरा दिसत नाही, तमुक नळी कुठे जाते ते समजत नाही. शेवटी त्यांनी एक पोर्शे ९११ विकतच घेतली आणि ती पूर्ण खोलली. प्रत्येक भाग मोजला, पाहिला, काढून ठेवला. सगळं समजल्यावर ती परत जोडायची वेळ आली तेव्हा पोर्शेच्या तंत्रज्ञांना बोलवावं लागलं. ते किट १९७६ मध्ये बाजारात आलं. एवढा खर्च एकट्या किटमधून निघणं कठीण होतं, म्हणून त्याच बॉडीखाली मोटर आणि रेडिओ बसवून दूरनियंत्रित गाडी काढली. तामियाच्या दूरनियंत्रित मोटारींचा सगळा पसारा तिथून सुरू झाला.

ही हकिगत मला महत्त्वाची वाटते ती तिच्या खर्चामुळे किंवा धाडसामुळे नाही. एखादी वस्तू लहान करायची तर आधी ती पूर्ण समजली पाहिजे, हे तिच्यातून नेमकं कळतं. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवायला आधी सगळं दिसलं पाहिजे. कमी माहितीवर केलेलं किट लगेच ओळखू येतं. बाहेरून ठीक, पण गाडी उलटी करून पाहिली तर सायलेन्सरचा पाइप कुठूनही कुठेही गेलेला असतो.

आता टेबलावर येऊ. पॉलिस्टायरीनचे दाणे दोनशे अंशांच्या वर वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. साधा भाग दोन तुकड्यांच्या साच्यात निघतो. मोटारीची बॉडी मात्र एकसंध हवी, तिला टप, बॉनेट, दोन बाजू, पुढचं तोंड आणि मागची डिकी, सगळीकडे नक्षी हवी. दोन तुकड्यांच्या साच्यात ती अडकून बसेल. म्हणून बॉडीच्या साच्याच्या बाजू सरकत्या असतात आणि भाग थंड झाल्यावर त्या चारही दिशांना मागे होतात. जिथे या बाजू एकमेकींना भेटतात तिथे प्लॅस्टिकवर केसासारखी उंच रेघ राहते. बहुधा ती मडगार्डच्या माथ्यावरून आणि टपाच्या खांबांवरून जाते. खऱ्या गाडीवर अशी रेघ नसते. नवखा माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण कोऱ्या प्लॅस्टिकवर ती दिसतही नाही. पण चकचकीत लाल रंग चढला की दिव्याचं प्रतिबिंब नेमकं त्या रेघेपाशी मोडतं. म्हणून किट उघडल्यावरचं पहिलं काम म्हणजे सहाशे आणि मग आठशे नंबरचा वॉटर पेपर ओला करून ती रेघ घासून काढणं. बोटाचं टोक त्यावरून फिरवून बघावं, डोळ्यापेक्षा ते अधिक खरं सांगतं.

लगेच दुसरं काम. दार आणि बॉनेटभोवतीची फट खऱ्या गाडीत चारपाच मिलिमीटरची असते, म्हणजे मॉडेलवर ०.२ मिलिमीटर. साच्यात ती उथळ खाच म्हणून येते आणि प्रायमर, रंग, क्लिअर कोट असे थर बसले की बुजते. ती आधीच टोकदार हत्याराने हळूहळू, एकाच दिशेने ओढत खोल करायची. रंग पूर्ण झाल्यावर तिच्यात खूप पातळ केलेला गडद इनॅमल रंग सोडायचा. ब्रशचं टोक खाचेला एके ठिकाणी टेकवलं की रंग आपोआप खाचेतून पुढे धावत जातो आणि दाराची कड उमटते. हे पाहताना आजही मला फार आनंद होतो. मात्र इथेही निर्णय आहेच. पांढऱ्या गाडीवर काळी रेघ दिली तर दार पेनने आखल्यासारखं दिसतं. तिथे करडी हवी. मॉडेल आपण तीस सेंटिमीटरवरून बघतो. चोविसाच्या हिशेबात ते सव्वासात मीटरवरून गाडी बघण्यासारखं आहे आणि तेवढ्या अंतरावरून पांढऱ्या गाडीच्या दाराची फट काळी दिसत नाही. कुठलाही प्रश्न पडला की हीच कसोटी लावावी: सात मीटरवरून मला काय दिसलं असतं? म्हणूनच टायर आणि चासी शुद्ध काळ्या रंगात रंगवत नाहीत, काळसर करड्यात रंगवतात.

क्रोमची तऱ्हा निराळी. बंपर आणि जाळी यांना कारखान्यातच चमक दिलेली असते. निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियमची वाफ करून ती भागांवर बसवतात. ही चमक बरेचदा भडक असते, शिवाय भाग रनरवरून कापला की कापलेल्या जागी प्लॅस्टिक उघडं पडतं. काही लोक ती चमक घरगुती ब्लीचमध्ये बुडवून उतरवतात आणि काळ्या चकचकीत रंगावर नव्याने धातूचा रंग देतात. खिडक्यांभोवतीच्या बारीक पट्ट्यांसाठी पाठीमागे चिकट असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख मिळतो. तो खिडकीवर पसरायचा, काडीने दाबायचा आणि नव्या कोऱ्या पात्याने कडेकडेने कापायचा. पातं जरा बोथट असेल तर वर्ख फाटतो. रंगाने ओढलेली चंदेरी रेघ आणि वर्खाची पट्टी यांत फरक इतका आहे की एकदा वर्ख लावलेला माणूस पुन्हा ब्रशकडे वळत नाही.

रंगकाम हा या छंदाचा कस. रंग दुधाइतका पातळ करायचा, हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या एअरब्रशने दहा-पंधरा सेंटिमीटरवरून पातळ थर द्यायचे, मध्ये सुकू द्यायचं. पहिल्या थरात खालचं प्लॅस्टिक दिसलंच पाहिजे. एकाच थरात झाकायला गेलात तर रंग ओघळतो. शेवटी क्लिअर कोट, तो पुरता कडक झाल्यावर दोन हजार किंवा त्याहून बारीक वॉटर पेपरने पाण्यात घासणं आणि मग पॉलिश. कडांवर घासताना हात आखडता घ्यावा, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो आणि क्षणात प्रायमर उघडा पडतो.

आपल्याकडच्या हवेचा इथे थेट संबंध येतो. लॅकर जातीच्या रंगातलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलैमध्ये हवा ओलीचिंब असते. त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि चकचकीत काळ्यावर पांढुरका धुरकट पडदा येतो. उपाय दोन आहेत, सावकाश उडणारं थिनर वापरणं आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा सापळा बसवणं. पण खरा शहाणपणा त्या दिवसांत रंग न देण्यात आहे. पावसाळ्यात इंजिन जोडावं, सीट रंगवाव्यात, वायरी ओवाव्यात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात नेमकं उलटं होतं. फवारा बॉडीपर्यंत पोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे पहाटे काम करावं. जपानी पुस्तिकेत हे लिहिलेलं नसतं. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधल्या कुठल्याही जुन्या कारागिराला विचारा, तो हेच सांगेल.

वायरींचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर. बहुतेक किटच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरपासून स्पार्क प्लगपर्यंतच्या वायरी नसतात. त्या आपण अर्ध्या मिलिमीटरच्या तारेने करू शकतो. पण कुठली वायर कुठल्या सिलिंडरला जाते? मग माणूस त्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर शोधतो, जुनी सर्व्हिस मॅन्युअल वाचतो, आणि आठ सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी कुठल्या क्रमाने पडते व का, हे त्याला कायमचं कळतं. बॉनेट लावल्यावर त्या वायरी कोणालाही दिसणार नसतात. तरीही त्या बरोबर जोडाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मॉडेल कायम टिकतं असं मात्र समजू नये. मऊ टायरमध्ये त्यांना मऊ ठेवणारं द्रव्य असतं. ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीनला विरघळवतं. जुन्या खोक्यात टायर बॉडीला टेकून राहिले असतील तर टपावर टायरच्या नक्षीसह खड्डा पडलेला सापडतो. तयार मॉडेलमध्ये चाकाची रिम खाल्ली जाते. म्हणून खोकं घरी आलं की टायर वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत आणि बसवण्याआधी रिमला रंगाचा थर द्यावा. शर्यतीच्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक उणीव भासते. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या फॉर्म्युला वन गाड्यांवर सिगारेट कंपन्यांची नावं होती. तंबाखूच्या जाहिरातींवर निर्बंध आल्यावर किटमधल्या डिकॅलांतून ती नावं गेली. गाडी मूळ रूपात हवी असेल तर डिकॅल दुसऱ्या छोट्या उत्पादकांकडून वेगळे घ्यावे लागतात.

या छंदात पडावंसं वाटलं तर इंजिन असलेलं, तीनशे भागांचं भव्य किट पहिलंच घेऊ नका. आओशिमाची बत्तिसाव्या हिश्शातली, दाबून बसवायची किट मिळतात. त्यांना गोंद लागत नाही, रंगही लागत नाही. आपल्याकडे पाच दारांची विकली गेली त्या सुझुकी जिम्नीची तीन दारांची जपानी आवृत्ती त्यांत आहे. लहान मुलाबरोबर बसून करायला याहून चांगलं काही नाही. त्यानंतर तामियाची चोविसाव्या हिश्शातली बीटल घ्या. तिचे आकार गोलसर आहेत, भाग नेमके बसतात, आणि एकाच सपाट रंगात ती शोभून दिसते, त्यामुळे मेटॅलिकच्या भानगडीत पडावं लागत नाही. कटर आणि चिमटा चांगल्यातला घ्या, बाकी हत्यारं हळूहळू जमतील. थिनर आणि लॅकर वापरताना खिडकी उघडी ठेवा, तोंडावर रसायनांच्या वाफा अडवणारा मास्क लावा, कापडी रुमालाने भागत नाही. आणि रंगाचं काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा महाराष्ट्रात जवळजवळ सगळीकडे हवा कोरडी असते आणि ऊनही बेताचं असतं.